तोंडी परीक्षेतलं उत्तर

भूलतज्ज्ञांच्या बोर्डाची शेवटची तोंडी परीक्षा द्यायला डॉ. मार्लिस ट्वेट डुलुथहून आली होती.

“पेशंट नुकताच खाऊन आलाय. ऑपरेशन तातडीचं नाही, पण सर्जनला घाई आहे. काय कराल?” परीक्षकांनी विचारलं.

“भूल देणार नाही. पोट रिकामं होईपर्यंत थांबेन, नाहीतर अन्न उलटून फुप्फुसात जाऊ शकतं.”

“सर्जन चिडला तर?”

“चिडू दे. पेशंटचा श्वास माझ्या हवाली असतो.”

परीक्षकांनी समाधानाने मान हलवली.

बाहेर येताच नवऱ्याचा फोन आला. “कशी झाली गं?”

“पास होईन,” ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

मार्चमध्ये ज्या सकाळी तिचे पेशंट ओडेगार्ड आजोबा ऑपरेशनच्या टेबलावरच गेले, त्या सकाळी त्यांनी तिला स्वतः सांगितलं होतं, “पॅनकेक खाऊन आलोय.” सर्जनने नुसतं घड्याळाकडे पाहिलं होतं, आणि तिने मुकाट्याने भूल दिली होती.