अतिशयोक्तीचं उदाहरण

"एखादी गोष्ट आहे त्याहून खूप फुगवून सांगितली की झाली अतिशयोक्ती. उदाहरण कोण देईल?" मॅडमनी विचारलं. संसार सांभाळून दहावीला बसलेल्या त्या बायकांनी पुस्तकांत डोकी खुपसली.

तेवढ्यात शेवंताचा नवरा वर्गाच्या दारात येऊन ओरडला, "मी तिकडं भुकेनं मेलो, अन् तू इथं शाळा शाळा खेळतेस? चल घरी!"

इतक्या वर्षांच्या सवयीनं शेवंता चटकन उठली. तिचे कान तापले होते. पिशवी खांद्याला लावता लावता ती थांबली आणि मॅडमकडे वळली.

"मॅडम, 'भुकेनं मेलो' ही अतिशयोक्तीच ना? मेलेला माणूस इथवर चालत कसा येईल?"

"अगदी बरोबर!" मॅडम म्हणाल्या. बायका खो खो हसल्या.

नवरा लालबुंद झाला. "आत्ता आली नाहीस, तर घराचं दार तुला कायमचं बंद!"

हसणं थांबलं. शेवंतानं पिशवी खाली ठेवली आणि ती पुन्हा बाकावर बसली.

"भाकऱ्या टोपल्यात झाकून ठेवल्यात, वाढून घ्या," ती म्हणाली. "आणि हीसुद्धा अतिशयोक्तीच का, ते तास सुटल्यावर घरी येऊन बघते."