बजेटमधला कॅमेरा

दुकानदार म्हणाला, “हा घ्या. हात हलला तरी फोटो हलत नाही. चारच हजार जास्त.”

“त्यापेक्षा तू हातच हलवू नकोस. फुकटात काम!” बाबा म्हणाले. पैसे त्यांचे होते, म्हणून स्वस्तातला घेतला.

दोन वर्षांत मी अकरा हजार फोटो काढले. कोळी, चिमण्या, पानांवरचे थेंब. “कधीतरी माणसांकडेही वळव रे,” बाबा म्हणायचे. मला त्यांच्या खोलीतला उजेड पसंत नव्हता.

काल सकाळी फिरायला गेलेले बाबा अजून परतले नाहीत. चौकीतले साहेब म्हणाले, “चेहरा स्पष्ट दिसेल असा फोटो द्या.” घरी येऊन अकराच्या अकरा हजार धुंडाळले.



बाबांचा एकच निघाला. दुकानात, कॅमेरा तपासायला काढलेला. तो हलला होता.