एंग्रासियाची साक्ष
अमेरिकन फौजा ग्वाम बेटावर उतरून पंधरवडा झाला होता. एंग्रासिया त्यांना जपानी सैनिकांच्या लपायच्या गुहा दाखवत डोंगर चढत होती. तिनं डोक्याला मुलाचा शर्ट बांधला होता. पुरेसं वाकून सलाम केला नाही म्हणून जपानी पहारेकऱ्यानं त्या पोराची मान उडवली होती. एका गुहेपाशी सार्जंटनं सुरुंग काढला, तोच आतून तिच्या चामोरो भाषेत हाक आली, "मावशी, मला वाचवा!" सार्जंट थबकला. "बाई, हा तर तुमच्यातलाच दिसतो!" तिनं आवाज ओळखला. तोच पहारेकरी. वर्षभर तिच्या हातचं खाऊन ही भाषा शिकला होता. शर्टाची गाठ आवळत ती म्हणाली, "भाषा आमची आहे, माणूस नाही. द्या उडवून." डोंगर हादरला. आता काळीज निवेल, असं तिला वाटलं होतं. निवलं नाही. "चला, वर अजून गुहा आहेत."