मरतानाचा आवाज

दिशाने गोळी झाडली आणि समोरच्या प्रेताचं डोकं फुटलं. रक्त भिंतीवर उडालं, प्रेत गुडघ्यांवर कोसळलं. पण आवाज काही आला नाही.

"वाट लागली," प्रीतम हसला. "मुकं भूत बनवलंस तू."

उद्ध्वस्त शहरात प्रेतं अंगावर धावून येतात, त्यांना मारत आपण जगायचं, असा तो गेम. दोघं बहीणभाऊ वर्षभर तो खेळत होते. आता दिशाला त्यात स्वतःचं काहीतरी घालायचं होतं. हा तिचा पहिला मॉड, म्हणजे खेळणाऱ्याने गेममध्ये केलेला बदल. नवशिक्याने आवाजापासून सुरुवात करावी, असं मॉड शिकवणाऱ्या एका व्हिडिओतल्या माणसाने सांगितलं होतं. प्रेतं मरतानाच्या आवाजाची मूळ फाइल शोधायची, आपला आवाज अगदी त्याच नावाने मॉड्सच्या फोल्डरमध्ये टाकायचा, बस. दिशाने नावात एक अक्षर चुकवलं होतं. तिने ते सुधारलं आणि गेम पुन्हा सुरू केला. या वेळी प्रेत ओरडलं. ती तिचीच किंकाळी होती, सकाळी मोबाइलवर घेतलेली.

"शाळेच्या गॅदरिंगमधली वाटतेस," प्रीतम म्हणाला. "मरताना कोणी असं ओरडतं का?"

तेवढ्यात भिंतीपलीकडे भांडं आपटलं. मग पट्टा. मग बाईचा आवाज.

शेजारचा कुंडलिक शनिवारी दुपारी घरी असायचा. घाटकोपरच्या टेकडीवरच्या त्या चाळीत दोन खोल्यांमध्ये एका विटेची भिंत. ओट्याशी उभ्या असलेल्या वनमालाबाईंनी, दिशाच्या आईने, सवयीने रिमोट उचलला आणि टीव्ही मोठा केला.

"आई, टीव्ही बंद कर," दिशा म्हणाली.

तिने मोबाइल भिंतीला टेकवला.

अकरा सेकंद मिळाले. तिने त्याचे पाच तुकडे केले. पायाला गोळी लागली तर छोटा, पोटात लागली तर लांब. जिथे श्वास अडकून आवाज मध्येच तुटतो, तो तुकडा तिने डोक्यासाठी ठेवला. मागची खरखर काढली. पट्ट्याचा फटका काही निघेना, तो राहू दिला. पाऊण तास ती मान वर न करता काम करत होती. पलीकडे केव्हाच शांत झालं होतं.

प्रीतमने खेळायला घेतलं. कुऱ्हाडीच्या पहिल्याच घावात एका प्रेताचा हात खांद्यापासून उडाला आणि ते कळवळलं.

"एक नंबर! काटा आला बघ अंगावर. कुठून आणलास गं?"

दिशाने अंगठ्याने भिंत दाखवली. प्रीतमचा हात क्षणभर माउसवर थांबला. मग तो पुढच्या प्रेतावर धावला.

"काकी, थोडा बर्फ मिळेल?"

दारात रेवती उभी होती. कुंडलिकची बायको. डावा डोळा सुजून मिटला होता, ओठाला लागलेलं रक्त तिने पुसलं होतं, पण नीट नाही. वनमालाबाई काही न विचारता फ्रीजकडे गेल्या. डब्यात गोठवलेला बर्फ त्यांनी ताटात उपडा केला आणि बत्त्याने फोडायला घेतला.

प्रीतमची पाठ दाराकडे होती. त्याने एका प्रेताचा गुडघा फोडला. "आई गं," प्रेत म्हणालं. त्याने पोटात गोळी घातली. "नको, नको ना, अहो." मग त्याने कुऱ्हाड डोक्यात घातली.

दिशाने स्पीकरची वायर खेचली.

रेवती पडद्याकडे बघत होती. तिथे प्रेत अजून तडफडत होतं.

"हा माझा आवाज ना गं?"

"वहिनी, मी... मी काढून टाकते. आत्ता लगेच."

"इतकं स्पष्ट येतं इकडे?"

वनमालाबाईंचा बत्ता बर्फावर थांबला.

"सहा वर्षं तोंडात पदर कोंबते मी," रेवती म्हणाली. "तुम्हाला कळू नये म्हणून."

ती कॉटच्या कडेला बसली. पलीकडून कुंडलिकची हाक आली, "रेवती!" ती उठली नाही. दुसरी हाक आली. तिसरीला तो स्वतः दारात आला.

"घरी चल."

"नाही येत."

त्याने दोन ढांगांत खोली ओलांडली, तिचे केस मुठीत धरले आणि तिला जमिनीवरून दाराकडे ओढलं. प्रीतम मध्ये आला. कुंडलिकने त्याचं डोकं चौकटीवर आपटलं. प्रीतम नाक धरून खाली बसला, बोटांतून रक्त गळायला लागलं, आणि त्या रक्ताकडे तो नुसता बघतच राहिला. दिशाने कुंडलिकच्या दंडाला दात लावले. त्याने तिच्या पोटात लाथ घातली. ती कळवळून कॉटपाशी कोलमडली.

रेवतीचे केस त्याने सोडले नव्हते. तोल सावरायला त्याने दुसरा हात चौकटीवर टेकवला होता.

वनमालाबाईंनी बत्ता त्या हातावर घातला.

हाड मोडल्याचं सगळ्यांना ऐकू आलं. कुंडलिक गॅलरीत मागे पडला, हात छातीशी धरून गुरासारखा ओरडू लागला. वनमालाबाई त्याच्यामागे बाहेर गेल्या. दुसरा घाव गुडघ्यावर बसला, तिसरा खांद्यावर. गॅलरीतली दारं एकेक करून उघडली. अशा आवाजाला, सहा वर्षांत पहिल्यांदाच.

चौथ्या घावासाठी त्यांनी बत्ता उचलला आणि तसाच धरून ठेवला. मग त्या आत आल्या. बत्ता हातातच होता. रेवतीच्या समोर त्या जमिनीवर बसल्या, पण तिच्या डोळ्यांत बघणं त्यांना जमेना.

"माका सगळा आयकाक येय होता गो," त्या गावच्या मालवणीत म्हणाल्या. "पयल्या दिसापासून."