हुंकार

माझी बहीण मंजुश्री नांदेडहून नेटवरचं काहीबाही धाडत असते. आज कुणा अनोळखी माणसाच्या पोथीवाचनाचा व्हिडिओ आला. आवाज थेट आमच्या वारलेल्या अप्पांसारखा.

दुपारी उदगीरच्या घरात आईला ऐकवला. अप्पा वाचायचे तेव्हा ती दर ओवीला हुंकार द्यायची, तशीच आताही "हं" म्हणू लागली.

"पोथीला वाचणारा भेटतोच बघ. लई उपकार झाले पोरीचे," म्हणत तिनं डोळे पुसले आणि ती पाणी प्यायला उठली.

आवाज थांबला. व्हिडिओ चालूच होता. आई परत येऊन "हं" म्हणाली, तेव्हाच पुढची ओवी आली.

थोड्या वेळानं बसल्या जागी तिचा डोळा लागला. मोबाइल गप्प झाला. मीच हळूच "हं" म्हटलं.

"राहू दे, शिवा," मोबाइलमधून आवाज आला. "झोपू दे तिला."