भट्टीपुढचे एकोणीस जण

“कुणी ओळखीचं दिसतंय का?” तिने तिसऱ्यांदा विचारलं. निवृत्त कामगारांच्या हॉलमध्ये जमलेली म्हातारी मंडळी चहाच्या कपात बघत राहिली. टेबलांवर बंद पडलेल्या काच कारखान्याचे बासष्ट फोटो मांडले होते, चांगले हातभर मोठे करून आणलेले. एकाच्याही मागे एकही नाव नव्हतं.

ती संग्रहालयाची अभिलेखपाल. वीस वर्षं तळघरात जुने कागद आणि फोटो सांभाळण्यात गेलेली. चार माणसांपुढे बोलायचं म्हटलं की तोंडाला कुलूप. तळघरात आता जागा उरली नव्हती. “नावं लागली तर फोटो प्रदर्शनात, नाहीतर शहराबाहेरच्या गोदामात,” साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं. “एक सकाळ देतो.” गोदामात गेलेली पेटी पुन्हा उघडल्याचं तिने कधी पाहिलं नव्हतं.

लोकांना बोलतं कसं करायचं, हे शिकायला ती आठ दिवस प्रशिक्षणाला जाऊन आली होती. सासूबाईंनी त्यावरून तिची भरपूर फिरकी घेतली. “मग वीस वर्षं काय करत होतीस गं? कागद उलटे धरत होतीस?” आणि आज मात्र हट्टाने बरोबर आल्या. “तू बोलशील की चहा ओतशील? चल, मी येते.” आल्यापासून त्या सगळ्यात मागच्या टेबलाशी थर्मास घेऊन उभ्या होत्या. पुढे यायचं नाव नाही.

कुणीतरी घड्याळात पाहिलं. एक आजी पिशवी उचलून उठायलाच लागल्या. आता सगळेच उठतील, या धास्तीतच तिला प्रशिक्षणातल्या बाईंचं बोलणं आठवलं. नाव विचारलं की माणसाला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. त्याला त्याचं काम विचारा.

तिने यादी मिटली. समोर एक पंच्याऐंशीचे आजोबा बसले होते. त्यांच्यापुढे तिने एक फोटो सरकवला. भट्टीपुढे ओळीने उभे राहिलेले एकोणीस जण.

“आजोबा, या माणसाच्या हातात ही नळी कसली हो?”

आजोबांनी चष्मा पुसला. “नळी? अहो ताई, फुंकणी आहे ती! टोकाला वितळलेली काच घ्यायची आणि जीव खाऊन फुंकायचं. गाल बेडकासारखे व्हायचे आमचे.” मग त्यांनी फोटो जवळ ओढला आणि टेबलावर थाप मारली. “आणि याने आयुष्यात कधी फुंकलं नाही! हा पेट्या ठोकायचा. फोटोपुरती धरलीये, लबाडाने!”

“लबाड कुणाला म्हणतोस रे? माझा सख्खा मामा तो!” पलीकडच्या टेबलावरून आवाज आला.

हॉल खदखदून हसला. उठलेल्या आजींनी पिशवी खाली ठेवली. मग काय, बांधच फुटला. खुर्च्या सरकल्या, चष्मे एकमेकांत फिरले, फोटो या हातातून त्या हातात गेले. “हा आमचा मुकादम!” “ही काचेचं घासकाम करायची, गळा काय गोड होता हिचा!” “मिशी बघ, मिशी! खोटी होती ती!” ती या टेबलावरून त्या टेबलाकडे धावत होती, प्रत्येक फोटोमागे पेन्सिलीने नाव लिहीत होती. पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं. “एकेक बोला, एकेक!” असं ती खणखणीत ओरडली आणि स्वतःच दचकली. हा आवाज आपला? अकरा वाजता साहेब सहज डोकावायला आले, आणि कोट काढून नावं लिहायला बसले.

बाराच्या सुमाराला शंभरावर नावं झाली होती. ती पुन्हा आजोबांच्या टेबलाशी आली.

“भट्टीपुढचे अठरा झाले आजोबा. हा कडेचा एकच राहिला.”

आजोबांचा आवाज खाली आला. “हा डावरा. डाव्या हाताने फुंकणी धरायचा, म्हणून डावरा. मी नवा लागलो होतो, मला यानेच शिकवलं. तापात गेला बिचारा. बायको पोटुशी होती, आठवा महिना. ती माहेरी गेली ती गेलीच. मुलगा झाला म्हणे.”

“मुलगी झाली.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. सासूबाई पाठीमागेच उभ्या होत्या. थर्मास हातात तसाच, आणि चहा कप भरून बशीत सांडत होता.

“आई!” ती म्हणाली. “तुम्ही कधी बोलला नाहीत...”

“काय बोलणार? वडील काच कारखान्यात होते, डाव्या हाताचे होते, एवढंच आईने सांगितलं होतं. घरात फोटो म्हणून नाही. ते तुझ्या तळघरात असतील हे कळत होतं गं मला. पण नाव नसलेल्या इतक्या माणसांत मी बाबा कुणाला म्हणणार होते?”

कुणीतरी थर्मास काढून घेतला, कुणी खुर्ची पुढे केली. तिने फोटो उचलला आणि खिडकीच्या उजेडात त्यांच्यापुढे धरला.

सदुसष्ट वर्षं सासूबाईंनी मनात एक बाबा रंगवले होते. भारदस्त, करड्या केसांचे, धाक वाटावा असे. फोटोतल्या चेहऱ्यावरून त्यांनी हलकेच बोट फिरवलं. आधी हसू आलं, मग डोळे भरून आले.

“अगं,” त्या म्हणाल्या, “माझ्या नातवाएवढं पोर आहे गं हे!”