यंत्र उलटतं का?
आत्याचा मोतीबिंदू यांत्रिक हात काढणार होता. विज्ञानकथांचा फडशा पाडणारी आत्या ऐनवेळी अडून बसली. हातातल्या पुस्तकात यंत्रानं मालकावर हात उगारला आणि तिथंच तिला दिसेनासं झालं होतं. “यंत्र उलटतं का, ते कळल्याशिवाय मी टेबलावर झोपायची नाही.” डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. भाचीनं शेवटचं पान उघडलं. यंत्रानं एकूणएक माणूस संपवला होता. पुस्तक मिटून ती म्हणाली, “सगळे सुखरूप, आत्या. यंत्र भांडीसुद्धा घासतं.” “मग चला!” आठवड्यानं पट्टी निघाली. आत्यानं आधी पुस्तक मागितलं, बोट ठेवत ठेवत शेवटचं पान वाचलं. “थापाडे! इथं तर मुडद्यांचा खच पडलाय.” भाचीनं जीभ चावली. आत्या खुदकन हसली. “पण यंत्र माझ्या डोळ्यात शिरलं, तरी केसालाही धक्का लागला नाही. लेखकाचं चुकलं. तुझाच शेवट खरा, पोरी.”